अंधारातला पद्मपाणी आणि माझा फुल फ्रेम

अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याकडून आधी परवानगी काढायची, आणि शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटून थेट गाडी पकडणाऱ्या आपल्यासारख्या पब्लिकला ती कुठून मिळणार? आत दिवे आहेत, पण इतके मंद की शेजारी उभी असलेली व्यक्ती आपल्याच ग्रुपमधली आहे की नाही, हे कळायलाही अर्धा मिनिट जातो. थोडक्यात काय, तर फोटोग्राफरला जे जे हवं असतं ते सगळं इथे मना. आणि म्हणूनच, ‘फुल फ्रेम’ नावाचं जे काही प्रकरण आहे ना, त्याची परीक्षा घ्यायला महाराष्ट्रात याहून कडक सेंटर नाही!

लग्नाच्या हॉलमध्ये उजेड कमी पडला तर आणखी दोन लाइट लावता येतात. इथे दीड हजार वर्षांपूर्वीचे रंग भिंतीवर कसेबसे तग धरून आहेत आणि उजेड हाच त्यांचा वैरी. तेव्हा आहे त्यात भागवायचं. कॅमेऱ्याने भागवायचं.

गेल्या सप्टेंबरात मी गेले ती कॅनन ईओएस ५डी मार्क टू घेऊन. हसू नका! हा कॅमेरा जाहीर झाला १७ सप्टेंबर २००८ ला. म्हणजे आपण ऑर्कुटवर एकमेकांना स्क्रॅप टाकत होतो तेव्हा. आता ऑर्कुट नाही, आरसावाले डीएसएलआरही दुकानांच्या काचेतून मागच्या कपाटात गेलेत आणि पुढे सगळे मिररलेस मांडलेत. पण माझी या कॅमेऱ्यावर तेव्हापासून नजर होती. तेव्हा त्याची किंमत अमेरिकेत, नुसत्या बॉडीची, २,६९९ डॉलर. माझा पहिला पगार काय होता ते विचारू नका. आता तोच कॅमेरा फोर्टातल्या सेकंडहँडवाल्याकडे बऱ्यापैकी फोनच्या निम्म्या किमतीत मिळाला. दुकानदाराने लॅपटॉपला जोडून शटर काउंट दाखवला. मार्क टूचं शटर दीड लाख क्लिकसाठी टेस्ट केलेलं असतं; माझ्या पीसचे पासष्ट हजार झाले होते. म्हणजे मध्यमवयीन म्हणा. आमच्यासारखाच.

आता हे फुल फ्रेम म्हणजे काय, तेवढं एकदा सांगून टाकते, मग गाडीत बसू. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात एका फोटोची चौकट असायची ३६ बाय २४ मिलिमीटर. १९२५ साली लायकाने हा आकार बाजारात रुजवला आणि पाऊणशे वर्षं जग त्यावरच फोटो काढत होतं. डिजिटल आलं तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं भयंकर महाग पडायला लागलं. मग कंपन्यांनी छोटा सेन्सर बसवला. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला डीएसएलआर या छोट्या सेन्सरवालाच. कॅननच्या छोट्या सेन्सरचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या जेमतेम चाळीस टक्के भरतं. पाऊस पडत असताना अंगणात पातेलं ठेवायचं की परात, एवढाच हा फरक आहे. परातीत जास्त पाणी जमतं. मोठ्या सेन्सरवर जास्त उजेड जमतो, आणि अंधारात फोटोवर जे दाणेदार कचकचीत काहीतरी पसरतं, ज्याला नॉईज म्हणतात, ते कमी होतं. दुसरं म्हणजे लेन्स जेवढी रुंद तेवढीच रुंद राहते. छोट्या सेन्सरवर कडा कापल्या जातात आणि २४ एमएमची लेन्स ३८ सारखी वागते.

कॅननने २००२ मध्ये वन डीएस नावाचा फुल फ्रेम काढला होता, पण तो आठ हजार डॉलरच्या घरात आणि वजनाला वीट. २००५ मध्ये ५डी आला तो ३,२९९ डॉलरला, साध्या आकाराच्या बॉडीत, आणि फुल फ्रेम पहिल्यांदाच नोकरदार माणसाच्या निदान स्वप्नात तरी आला. त्याचा पुढचा अवतार हा मार्क टू. २१.१ मेगापिक्सेल, आयएसओ ६४०० पर्यंत आणि ताणला तर २५,६०० पर्यंत, मागे तीन इंची झकास स्क्रीन, वजन ८१० ग्रॅम. आणि फुल एचडी व्हिडिओ!

या व्हिडिओने खरी धमाल उडवली. व्हिन्सेंट लाफोरे या फोटोग्राफरने २००८ मध्ये एका वीकेण्डला न्यूयॉर्कच्या रात्रीत ‘रेव्हरी’ नावाची छोटी फिल्म या कॅमेऱ्यावर शूट केली आणि सिनेमावाल्यांचे डोळे विस्फारले. २०१० मध्ये ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग यावर शूट झाला. जानेवारी २००९ मधलं बराक ओबामांचं अधिकृत पोर्ट्रेट, डिजिटल कॅमेऱ्याने काढलेलं पहिलं अमेरिकन अध्यक्षीय पोर्ट्रेट, तेही याच कॅमेऱ्यातून निघालं.

पण सगळे काही आरत्या ओवाळत नव्हते. सगळ्यात मोठी तक्रार ऑटोफोकसची. नऊ पॉइंट, जवळपास जुन्या ५डीचेच उचलून बसवलेले, आणि त्यातला मधला तेवढा भरवशाचा. त्याच वर्षी आलेल्या निकॉन डी७०० मध्ये ५१ पॉइंट होते. मेगापिक्सेल मात्र बाराच. झालं, प्रत्येक ऑफिसात कॅननवाले आणि निकॉनवाले असे दोन पक्ष पडले. मार्क टू सेकंदाला ३.९ फोटो काढायचा, म्हणजे खेळाच्या फोटोग्राफरांना तो चालेना. सुरुवातीला रात्रीच्या फोटोत दिव्यांच्या उजव्या कडेला काळे ठिपके यायचे. जानेवारी २००९ मध्ये कॅननने फर्मवेअर बदलून ते घालवले. व्हिडिओत एक्स्पोजर आपल्या हाताने ठरवायची सोय तर जून २००९ मध्ये, नंतरच्या फर्मवेअरने आली. म्हणजे क्रांती झाली ती कंपनीच्याही बेताबाहेर झाली असावी, असं आपलं माझं मत.

मला खेळ नको होता, सिनेमा नको होता. मला हवा होता एक चेहरा. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात टपाल तिकिटाएवढा छापलेला, हातात कमळ घेतलेला पद्मपाणी. तो मी आजवर कधी नीट बघितलेलाच नाही, हे ट्रीप ठरवताना लक्षात आलं. आपण सगळ्यांनी त्याचे फोटोच बघितलेत.

तर मुंबईहून रात्रीची गाडी, पहाटे जळगाव. स्टेशनबाहेर पोहे-चहा उरकून एसटी. जळगावहून लेणी साठ किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून शंभर. बरोबर ऑफिसातला मित्र होता. त्याच्या खिशात यंदाचा नवाकोरा फोन आणि चेहऱ्यावर ‘तू उगाच दीड किलो वागवतेयस’ असा भाव. दीड किलो बरोबर होतं. बॉडी आणि २४-१०५ ची लेन्स मिळून तेवढंच भरतं. वर बॅगेत ५० एमएमची एफ १.८ लेन्स. ही प्लॅस्टिकची छोटी लेन्स कॅननच्या सगळ्यात स्वस्त लेन्सेसपैकी एक. मोठा सेन्सर आणि स्वस्तातली झगझगीत लेन्स ही जोडी गरिबांची रात्रपाळी आहे, लक्षात ठेवा.

फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडीतून उतरायचं. पुढे चार किलोमीटर खासगी वाहनं सोडत नाहीत, धुराने चित्रांचं नुकसान होतं म्हणून. तिथून लेण्यांपर्यंत एसटीची बस. टी-पॉइंटवरचे स्फटिक आणि दगडाचे हत्ती विकणारे तुम्हाला प्रेमाने घेरतात. ‘येताना घेऊ’ म्हणायचं आणि पुढे व्हायचं. (येताना ते बरोबर ओळखतात.)

आम्ही आधी लेण्यांत गेलोच नाही. वाघोरा नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या टेकडीवर व्ह्यू पॉइंटला चढलो. वीस-पंचवीस मिनिटं दम काढणाऱ्या पायऱ्या आहेत, पण पावसाळ्याच्या शेवटी हे चुकवू नका. खाली नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय, त्या वळणाच्या काळ्या कड्यात तीस लेणी एका ओळीत कोरलेली, वरून धबधबा, आणि सगळ्यावर ओलं हिरवं. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला इंग्रज अधिकारी शिकारीला आला होता, त्याला समोरच्या कड्यातली दहाव्या लेण्याची कमान दिसली, अशी ती प्रसिद्ध गोष्ट. ‘शोध लावला’ वगैरे आपण म्हणतो. इथल्या गावकऱ्यांना ती जागा ठाऊकच होती, त्यांनी फक्त पेपरात दिलं नव्हतं!

इथे २४ एमएमला नाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौकटीत बसली. माझ्या जुन्या छोट्या सेन्सरवर तीच लेन्स लावली असती तर दोन्हीकडची दोन-चार लेणी बाहेर राहिली असती. पण खरं सांगू? मित्राच्या फोनच्या वाइड लेन्सनेही ती बसली, आणि आकाशातले ढग त्याच्या फोटोत जास्त देखणे आले. दिवसाउजेडी लढाई फोनने जिंकलेली आहे. तिथे वाद घालायला मी बसणार नाही.

मग पहिलं लेणं. बूट बाहेर, आत पाऊल, आणि गप्पकन काळोख. बाहेर सप्टेंबरातलं ढगाळ आकाश होतं तरी डोळ्यांना सवय व्हायला बराच वेळ लागला. आधी खांब दिसतात. मग खांबांवरची नक्षी. मग आपण ज्याला ओल समजत होतो ती भिंत हळूहळू माणसांनी भरून जाते. राजवाडे, दासी, हत्ती, खिडकीतून डोकावणाऱ्या बाया, गर्दीच गर्दी. गर्भगृहाच्या दाराच्या डाव्या हाताला तो. डोक्यावर उंच मुकुट, मान किंचित कललेली, पापण्या खाली, उजव्या हाताच्या बोटांत निळं कमळ. टपाल तिकिटाचा पद्मपाणी इथे माणसापेक्षा मोठा आहे. त्या पापण्यांखाली नक्की काय चाललंय हे कुठल्याच छापील फोटोत कळलं नव्हतं. त्याला काही तरी माहीत आहे आणि ते सांगून आपल्याला त्रास द्यायची त्याची इच्छा नाही, असा तो चेहरा आहे.

“ताई, फ्लॅश मारू नका हं,” पाठीमागून सुरक्षारक्षक म्हणाले.

“दादा, या कॅमेऱ्याला फ्लॅशच नाही.” खरंच नाही! मार्क टूमध्ये पॉप-अप फ्लॅश बसवलेलाच नाही. तेव्हा लोकांनी त्याबद्दलही नाकं मुरडली होती. दादांनी कॅमेरा उलटापालटा करून बघितला आणि मग त्यांचा माझ्यावरचा विश्वास एकदम वाढला.

आता कामाला लागायचं. ५० ची लेन्स, ॲपर्चर एफ २, आयएसओ ३२००. मीटर म्हणाला १/२० सेकंद. हिशोब बघा: १०० आयएसओच्या जुन्या रोलवर याच फोटोला १.६ सेकंद लागले असते, म्हणजे ट्रायपॉडशिवाय नाव नको. १/२० ला मात्र श्वास रोखून, कोपर पोटाशी दाबून, खांद्याने आधार शोधून (खांबाला टेकायचं नाही, दादा बघताहेत) तीनातला एक फोटो स्थिर येतो. लेन्समध्ये स्टॅबिलायझर नाही, बॉडीत तर नाहीच. ऑटोफोकस? बाहेरच्या आठ पॉइंटनी सपशेल हात वर केले. लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत राहिली. मधला पॉइंट मुकुटाच्या कडेवर ठेवला तेव्हा कुठे पकड मिळाली. २००८ सालच्या टीकाकारांना मी मनातल्या मनात हात जोडले. शेवटी लाइव्ह व्ह्यू लावला, स्क्रीनवर चित्र दहा पट मोठं केलं आणि हाताने फोकस जमवला. यात एक गंमत झाली. स्क्रीनवर दहा पट मोठी झालेली त्याची भुवई दिसली. एकच रेघ. एका दमात ओढलेली, मध्ये कुठेही ब्रश उचललेला नाही. नुसत्या डोळ्यांनी, कठड्याच्या अलीकडून, त्या उजेडात ती रेघ मला दिसलीच नव्हती.

मित्राने शेजारून नाइट मोडमध्ये फोटो मारला. फोन असे अनेक फोटो भराभर काढून एकमेकांवर बसवतो आणि त्यांची बेरीज करतो. दोघांचे स्क्रीन शेजारी शेजारी धरले तेव्हा त्याचा फोटो जास्त उजळ, जास्त चकचकीत. तो नुसता हसला. मग मी म्हटलं, झूम कर. भुवई गायब. फोनने नॉईज पुसता पुसता रेघही पुसली होती, आणि पद्मपाणीच्या गालाला पार्लरमधून आल्यासारखी तुकतुकी आली होती. अजिंठ्याचा सगळा खेळच रेषेचा आहे. ती गेली तर मग नुसता रंगाचा डाग उरतो. माझ्या फोटोत दाणे होते, पण दाण्यांच्या मागे रेघ शाबूत होती. “ओके, मान्य,” तो म्हणाला. “पण हे बघायला कोण एवढं झूम करणार?” प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे अजून नाही.

त्याच लेण्यात गर्भगृहातल्या बुद्धावर गाईड एक आयटम करून दाखवतात. बॅटरी एका बाजूने धरली की बुद्ध गंभीर, दुसऱ्या बाजूने धरली की हसरा, समोरून धरली की ध्यानस्थ. दगड तोच, उजेडाची दिशा बदलली की भाव बदलतो. पोरांच्या ट्रीपमधून ‘ओऽऽ’ असा सामुदायिक आवाज निघतो. आणि मला वाटतं, लायटिंगचा एवढा स्वस्त आणि मस्त वर्कशॉप कुठल्याही फोटोग्राफी इन्स्टिट्यूटमध्ये मिळणार नाही.

या अंधाराशी झोंबणारे आपण काही पहिले नाही. मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये इथे आला तो याच चित्रांच्या प्रती रंगवायला. वर्षानुवर्षं तो कॅनव्हासवर मोठमोठ्या तैलचित्रांत हे सगळं उतरवत राहिला. प्रती लंडनला गेल्या, आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. गिलला आपण पारोच्या गोष्टीमुळे ओळखतो, ना. धों. महानोरांनी त्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२ मध्ये नितीन देसाईंचा सिनेमाही आला. पण हा माणूस फोटोग्राफरही होता, हे फारसं कुणी सांगत नाही. लेण्यांचे त्याने काढलेले फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनला पुस्तकरूपाने छापले गेले. तेव्हाच्या काचेच्या प्लेट, तेव्हाची केमिकल्स, आणि हा काळोख! मला १/२० सेकंद मिळाला म्हणून मी खूश होते. गिल १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे, आपल्या गाडीच्या वाटेवरून फार लांब नाही.

त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तिथे पुन्हा आग! बऱ्याच प्रती पुन्हा जळाल्या. विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी फोटोंसह चार भागांचा ग्रंथ काढला, १९३० ते १९५५ या काळात. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, आहे त्या अंधूक उजेडात लांब एक्स्पोजर देऊन फिल्मवर जे फोटो काढले, त्यांनी अजिंठ्याचे रंग जगाला नव्याने दाखवले. म्हणजे पावणेदोनशे वर्षं लोक इथे येऊन एकच गोष्ट करताहेत: भिंतीवरचं चित्र भिंतीवरून जायच्या आत कुठेतरी उतरवून घेताहेत. आणि लंडनला सुखरूप नेलेल्या प्रती जळाल्या, इथे दमट डोंगरात मूळ चित्रं अजून आहेत. काय बोलणार!

दुसऱ्या लेण्याचं छत म्हणजे रंगवलेला शामियानाच. तिथे मात्र मार्क टूने मला रडवलं. त्याचा स्क्रीन वळत नाही, फिरत नाही. छताचा फोटो घ्यायला मांडी घालून बसायचं, मान मागे टाकायची आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा. मानेचे मणके मोजून घ्या. शिवाय एफ २ ला फुल फ्रेमवर फोकसचा पट्टा फार अरुंद असतो. मध्यावरचं वर्तुळ कापल्यासारखं स्पष्ट आणि कोपऱ्यातले हंस धूसर. छोट्या सेन्सरवाल्याला हा त्रास कमी होतो, हे कबूल करायला हवं. मी एफ ४ केला, आयएसओ ६४०० ला नेला. दाणे वाढले, पण हंस आले.

सतराव्या लेण्यात सगळ्यात जास्त चित्रं शिल्लक आहेत. सिंहल बेटावरची लढाई, वेस्संतराची गोष्ट, वाऱ्याने गळ्यातले हार एका बाजूला उडालेली ती अप्सरा. इथे या कॅमेऱ्याचा एक जुना, बदनाम दोष आठवून काम करावं लागतं. फोटो काळोखा काढला आणि घरी कॉम्प्युटरवर सावल्या उचलल्या, की मार्क टूच्या फायलीत आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात, फाटक्या साडीच्या धाग्यांसारख्या. म्हणून आयएसओ कमी ठेवून ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही. जेवढा उजेड हवा तेवढा इथेच, आयएसओ चढवून घ्यायचा. आजच्या फुल फ्रेम मिररलेसना हा प्रॉब्लेम नाही. त्यांच्या बॉडीतच स्टॅबिलायझर असतो, अर्धा सेकंदही हातात धरून निघतो. कॅननचा पहिला फुल फ्रेम मिररलेस २०१८ मध्ये आला, बॉडीत स्टॅबिलायझर असलेला आर५ २०२० मध्ये. पैसे असतील तर तो घ्या, उगाच माझ्यासारखं रोमँटिक होऊ नका. पण त्यांच्या किमतीत माझ्यासारखे तीन-चार मार्क टू येतील आणि वर जळगावचं तिकीट.

रंगांचा घोळ तर वेगळाच. दिवे पिवळसर, कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स सगळं केशरी करून टाकतो. रॉ फाइल असल्याने नंतर बदलता येतं, पण बदलून कुठे न्यायचं? पांढरं म्हणून विश्वास ठेवावा असं त्या भिंतीवर काही उरलेलंच नाही. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार बोलावले. त्यांनी पोपडे पडणारी चित्रं भिंतीला पक्की धरवली, हे त्यांचे उपकार. पण वर जो व्हार्निश आणि लाखेचा थर दिला तो पुढे पिवळा-तपकिरी पडत गेला. तो काढायचं काम पुरातत्त्व खात्याने पुढे वर्षानुवर्षं केलं. तेव्हा आज आपण बघतो तो गेरू हा चित्रकाराचा किती आणि व्हार्निशचा किती? एकच रंग दगा देत नाही. निळा. तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा, मैलोन् मैल प्रवास करून आलेला. बाकी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी हे सगळं स्थानिक. व्हाइट बॅलन्स मी शेवटी त्या निळ्यावरून अंदाजाने जमवला. शास्त्रीय पद्धत नाही ही, पण चुकीचंही दिसत नाही.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथचं नाव आणि तारीख अजून आहे. एका खांबावर, रंगवलेल्या बुद्धाच्या अंगावर कोरलेलं, आणि आपल्या डोक्याच्या वर. तो आला तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभा राहून त्याने ते कोरलं. १०५ एमएमला ते वाचता येतं. हा फोटो मी काढला नाही. लोकांनी गडावर नावं कोरली की आपण चिडतो. मग याचंच कौतुक का करायचं?

सव्विसाव्या लेण्यात पोचेपर्यंत चार वाजले होते. सुमारे सात मीटर लांबीचा, कुशीवर निजलेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध. खाली शिष्य रडताहेत, वर देव आनंदात आहेत. मित्र इथे एकदम गप्प झाला आणि त्याने फोन खिशात घातला. मी एकच क्लिक केलं. मार्क टूचा आरसा एवढ्या जोरात ‘खळाक्’ वाजला की अख्ख्या चैत्यात घुमला आणि चार माणसांनी वळून बघितलं. लाइव्ह व्ह्यूमध्ये सायलेंट मोड आहे. तो लावला आणि मग एका कडेला उभी राहून सावकाश काढत बसले.

घरी आल्यावर खरा प्रश्न पुढे आला, जो कुठल्याही रिव्ह्यूमध्ये नव्हता. पद्मपाणीचा फोटो किती उजळ करायचा? कॉम्प्युटरवर स्लायडर सरकवला की तो दिवसाउजेडात उभा असल्यासारखा दिसतो. प्रत्येक रेघ, प्रत्येक तडा. पण तसा तो त्या लेण्यात कुणालाच दिसत नाही. मला दिसला नाही. ज्याने काढला त्यालाही पणतीच्या आणि दारातून येणाऱ्या उजेडातच दिसला असणार. मी दोन फायली केल्या. एक उजळ, अभ्यासाची, ती हार्ड डिस्कवर आहे. दुसरी काळोखी, जिच्यात आधी मुकुट दिसतो, मग कमळ, आणि पापण्या शेवटी. मार्क टूची फाइल ५६१६ बाय ३७४४ पिक्सेलची असते, ए थ्री प्रिंटला काही ताणावं लागत नाही. काळोखी फाइल मॅट कागदावर छापली आणि हॉलमध्ये लावली. आई आली, बघितलं, म्हणाली, “छान आहे गं, पण दिसत काहीच नाही,” आणि तिने वरची ट्यूबलाइट लावली. मग तशीच पाचेक मिनिटं त्याच्यासमोर उभी राहिली.

जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत गर्दीमुळे आत निवांत उभं राहता येत नाही. सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारीतला मधला वार बरा. सकाळी उघडल्या उघडल्या पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं करून घ्या आणि व्ह्यू पॉइंट दुपारी ठेवा. आम्ही उलटं केलं ते धबधब्यासाठी. आतमध्ये जाऊन आधी दहा मिनिटं नुसते उभे राहा, कॅमेरा बॅगेतच असू द्या. डोळ्यांचा आयएसओ चढायला तेवढा वेळ लागतोच. बॅटरी दोन घ्या, लाइव्ह व्ह्यू भराभर खातो. सेकंडहँड मार्क टू घेणार असाल तर सीएफ कार्ड रीडर आधी शोधा. कॅमेऱ्यापेक्षा तो मिळायला जास्त वणवण होते.